कमावले ते वाटले : उद्योजक आणि पती जोतीराव फुले

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे, तुम्हीही काहीतरी लिहा, असा आग्रह कमिटीतल्या पोरांनी धरला. मी काही लेखक नाही. साच्यावर उभं राहून उभी हयात गेलेला मी गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली, पुढचं जे काही शिकलो ते युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि रात्रपाळीच्या सुट्टीत चहाच्या कपावर झालेल्या वादावादीतून. तरी पण लिहायला बसलो, कारण एक गोष्ट मनात बरेच दिवसांपासून खदखदत होती.

दर वर्षी ११ एप्रिलला आपण क्रांतिबा जोतीराव फुले यांची जयंती साजरी करतो. भाषणं होतात. त्यांनी शाळा काढली, सत्यशोधक समाज काढला, गुलामगिरी लिहिली, हे आपल्या लेकरांना पाठ आहे. पण दोन गोष्टी भाषणात येतच नाहीत. एक म्हणजे जोतीराव हे कंत्राटदार होते, व्यापारी होते, मळेवाले होते. आपल्या हिमतीवर त्यांनी धंदा केला आणि कमावलेला पैसा समाजासाठी मोकळा केला. दुसरी म्हणजे ते पती कसे होते. सावित्रीमाईंचं नाव आपण त्यांच्याबरोबर घेतो, पण पन्नास वर्षांचा तो संसार कसा झाला, त्याकडे आपण पुरुषमंडळी मुद्दामच पाहात नाही असं मला वाटतं. आज या दोनच गोष्टींवर लिहितो.

फुलवाल्याचं घर

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, पुण्यातला. मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा धरला, पेशव्यांकडे फुलं पुरवली, म्हणून लोक फुले म्हणू लागले. वडील गोविंदराव, आई चिमणाबाई. आई गेली तेव्हा जोती जेमतेम वर्षाचा होता. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्याला आईच्या मायेनं वाढवलं. म्हणजे धंदा हा या घराच्या रक्तातच होता. माल कसा आणावा, गिऱ्हाईक कसं सांभाळावं, उधारी कुठं द्यावी नि कुठं देऊ नये, हे जोती लहानपणापासून पाहात होता.

१८४० साली लग्न झालं. नवरा तेरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. नवरी म्हणजे नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची लेक सावित्री. त्या काळात असंच होतं. मधल्या काळात लोकांच्या चिथावणीनं गोविंदरावांनी मुलाची शाळा बंद केली होती आणि त्याला मळ्यात घातलं होतं. तेव्हा गफार बेग मुनशी आणि लिजीटसाहेब या दोन भल्या माणसांनी बापाची समजूत घातली आणि १८४१ पासून तो पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती यांच्या सांगण्यावरून माळ्याचा पोरगा शिकला, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आणि तो शिकला तसं त्यानं घरच्या बाईलाही शिकवलं. मळ्यात काम चालायचं तिथंच सावित्री आणि सगुणाबाई यांचा अभ्यास चालायचा. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण बाईनं अक्षर गिरवलं तर नवरा मरतो असं मानणारा तो काळ होता. जोतीरावांची पहिली शाळा त्यांच्या स्वतःच्या घरात भरली आणि पहिली विद्यार्थिनी त्यांची बायको होती. आधी घर आणि मग समाज, हा क्रम आहे. आपला क्रम बहुतेक उलटा असतो.

घर सुटलं, हात सुटला नाही

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. शिकवायला बाई पाहिजे होती आणि ती बाई घरातच तयार झाली होती. शाळेत जाता-येता लोकांनी त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकला. सावित्रीबाई बदलायला दुसरं लुगडं घेऊन जात असत, ही हकिकत घरोघरी सांगितली जाते.

शहाण्यासुरत्या लोकांनी गोविंदरावांना गाठलं. पोरगा आणि सून धर्म बुडवतात म्हणून जातीनं दटावलं. बापापुढं पेच पडला आणि १८४९ साली त्यांनी मुलाला सांगितलं, की शाळा सोडा नाहीतर घर सोडा. जोतीरावांनी घर सोडलं. सावित्रीबाईंना माहेरी जाता आलं असतं, सासऱ्याच्या घरात राहताही आलं असतं. त्या नवऱ्याबरोबर बाहेर पडल्या. पुण्यात त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी, आणि त्यांच्या घरातल्या फातिमाबी सावित्रीबाईंच्या बरोबरीनं शिकवू लागल्या.

इथून जोतीरावांच्या कमाईची गोष्ट सुरू होते, कारण आता वडिलांचं दुकान नव्हतं. दिवसा शिकवायचं, शाळेसाठी धावायचं, आणि चूलही पेटवायची. काही दिवस मिशनच्या शाळेत त्यांनी अर्धवेळ शिक्षकाचं काम केलं. पुढं हळूहळू कंत्राटाच्या धंद्यात ते शिरले.

१८५२ साली महार-मांगांच्या लेकरांसाठी शाळा निघाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कॅंडी यांच्या हस्ते जोतीरावांना शाल देऊन गौरवण्यात आलं. त्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजाची लहानशी मुलगी. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. तो आजही वाचला तर अंगावर काटा येतो. आपल्या आया-आज्यांच्या आधी कुणीतरी लिहिलं होतं आणि तिला अक्षर देणारं हे जोडपं होतं.

१८५५ साली दोघांनी कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. आमच्यासारख्यांना ही गोष्ट फार जवळची वाटते. दिवसभर राबून रात्री डोळे ताणून अक्षर वाचणं काय असतं ते आम्ही भोगलं आहे.

दगड, चुना, पूल आणि बोगदा

आता धंद्याचं सांगतो. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाची कंपनी होती आणि जोतीराव तिचे कारभारी होते. रस्ते, पूल, कालवे, इमारती यांची कामं ही कंपनी घेत असे. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगड पुरवला. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. धातूचं ओतकाम करण्यासाठी लागणाऱ्या सामानाची एजन्सी त्यांच्याकडे होती. पुण्याजवळ मांजरीला त्यांचा मळा होता, भाजीपाला पुण्याच्या बाजारात जायचा.

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर साहेबांचं कमिशन आलं, तेव्हा जोतीरावांनी त्यांच्यापुढं निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. त्या निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी. समाजसुधारक म्हणून नाही, नेते म्हणून नाही. आपला कामधंदा सांगायची त्यांना लाज वाटली नाही.

कंत्राटदार म्हटलं की आपल्या मनात काय येतं? सिमेंटात राख, मजुरीत काट, आणि साहेबाच्या टेबलाखालून पाकीट. जोतीरावांनी हे सगळं त्याही काळात पाहिलं. बांधकाम खात्यातली लाचलुचपत, मजुरांच्या हजेरीतली लबाडी, त्यांच्या पैशावर मारलेला डल्ला, यावर त्यांनी लेखणी चालवली. म्हणजे ज्या खात्याकडून कामं मिळवायची त्याच खात्याचं पितळ उघडं पाडायचं! असा धंदा करणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आम्ही गिरणीत पाहिलं ते उलटंच. मुकादमाला चहापाणी दिल्याशिवाय बदलीवाल्याला काम मिळत नव्हतं आणि सगळे गप्प बसत होते. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो.

कामावरच्या मजुरांमध्ये बसल्यामुळे जोतीरावांना त्यांचं जिणं जवळून समजलं. दगड फोडणारे, माती वाहणाऱ्या बाया, कर्जात बुडालेले कुणबी. १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकात शेतकऱ्याच्या घराचं, अंगावरच्या फाटक्या कपड्याचं, भाकरीचं जे वर्णन आहे, ते टेबलाशी बसून लिहिलेलं नाही. आपल्या वऱ्हाडातल्या कापूसवाल्यानं ते पुस्तक हाती घेतलं तर आपल्याच घराची गोष्ट वाचतो आहे असं त्याला वाटेल.

पैसा कुठं गेला?

माणूस कसा आहे हे पाहायचं असेल तर त्याचा पैसा कुठं जातो ते पाहावं, असं आमच्या गिरणीतले एक म्हातारे कामगार म्हणायचे. जोतीरावांचा पैसा कुठं गेला ते पाहू.

१८६३ साली त्यांनी राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याला एक घटना कारण झाली. त्यांच्या मित्राच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एका ब्राह्मण विधवेला फसवून कुणी गरोदर केलं. लोकलाजेनं तिनं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळाच राहिला. हे पाहून नवरा-बायकोचं काळीज फाटलं. अशा कुणाही बाईनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, न्यायचं तर न्यावं, असे जाहीर कागद त्यांनी लावले. १८८४ पर्यंत अशा पस्तीस विधवा तिथं येऊन गेल्या. त्यांचं बाळंतपण सावित्रीबाई करायच्या, खर्च जोतीरावांच्या कंत्राटातून व्हायचा. लक्षात घ्या, या बाया त्याच जातीच्या होत्या ज्या जातीच्या लोकांनी त्यांच्यावर शेण फेकलं होतं.

१८६८ साली त्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षं आधी! पाणी म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर ओंजळ पसरून उभं राहिलेल्या माणसांचे आपण नातू-पणतू आहोत.

१८७६-७७ ला मोठा दुष्काळ पडला. सत्यशोधक समाजाच्या वतीनं अन्नाची सोय करण्यात आली, धनकवडीला दुष्काळी लेकरांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवण्यात आला. सावित्रीबाई स्वतः जुन्नर भागात फिरत होत्या आणि तिथली हालत जोतीरावांना पत्रानं कळवत होत्या.

१८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायचं म्हणून एक हजार रुपयांचा खर्च ठरला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. भाजी मार्केटची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांनी याच कारणासाठी विरोध केला होता. आज त्याच मार्केटला महात्मा फुले मंडई म्हणतात, ही गंमतच म्हणायची. स्वतः बांधकामाचा कंत्राटदार असून इमारतीच्या आधी शाळा पाहिजे असं म्हणणारा हा माणूस होता.

१८८२ साली टिळक आणि आगरकर यांच्यावर कोल्हापूर प्रकरणात खटला झाला. तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे दहा हजार रुपयांच्या जामिनाला उभे राहिले. विचार पटत नव्हते, तरी अडचणीतल्या माणसाला हात दिला. दान म्हणतात ते हे.

मूल नाही म्हणून

आता मी दुसऱ्या गोष्टीकडं येतो. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत ती आजही घडते.

जोतीराव-सावित्रीबाईंना मूल झालं नाही. वर्षं गेली. नातेवाईक बोलू लागले. दुसरी बायको करा, वंश चालला पाहिजे, असा लकडा वडिलांनीही लावला. त्या काळात दुसरी करणं हे काही पापच नव्हतं, उलट न करणाऱ्यालाच लोक खुळा समजायचे. जोतीरावांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मूल होत नाही याचा दोष एकट्या बाईचाच कशावरून? पुरुषात दोष निघाला तर बायकोला दुसरा नवरा करू द्याल का? आणि तिनं तो करून घरात आणला तर नवऱ्याला कसं वाटेल? मग सवत आणल्यावर तिला काय वाटत असेल? नवऱ्याला एक कायदा आणि बायकोला दुसरा, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटच्या सार्वजनिक सत्यधर्म या पुस्तकातही त्यांनी हाच विचार मांडला आहे.

१८७४ साली त्यांनी मूल दत्तक घेतलं. कुणाचं? काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं, जी जीव द्यायला निघाली होती आणि ज्यांच्या घरी बाळंत झाली. तोच यशवंत. वंश, रक्त, जात यांचा जो बाऊ करतात, त्याचं उत्तर जोतीरावांनी पुस्तकातच नाही तर पाळण्यात दिलं. यशवंत पुढं डॉक्टर झाला.

२४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटाविना आणि पान-सुपारीच्या खर्चात. जोतीरावांनी घडवलेल्या या लग्नविधीत नवरी नवऱ्याला विचारते, की तू बायांना त्यांचे हक्क देशील का, आणि नवरा भर मांडवात तसं वचन देतो. आपण बौद्ध पद्धतीनं लग्न लावतो तेव्हाही वर-वधू प्रतिज्ञा घेतात. आपल्यापैकी किती जणांना आपली प्रतिज्ञा आठवते? मांडव सोडला की प्रतिज्ञाही सोडली, असं तर झालं नाही ना?

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आज उपलब्ध आहेत. १८५६ सालचं पत्र माहेराहून लिहिलेलं आहे. त्या आजारी होत्या, भावानं म्हटलं की तुम्ही दोघं महार-मांगांसाठी जे करता त्यानं कुळाला बट्टा लागतो. सावित्रीबाईंनी भावाला खडसावलं, आणि नवऱ्याच्या कामाचा अभिमान वाटतो असं कळवलं. १८६८ च्या पत्रात एक जिवावरची हकिकत आहे. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि महाराची मुलगी यांचं प्रेम जमलं, ती गरोदर राहिली. गाववाले दोघांना मारत मारत नेत होते, जीवच घेणार होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक दाखवून दोघांना सोडवलं आणि पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं. त्यांना खात्री होती, की घरी पाठवलेल्या माणसाला नवरा दार बंद करणार नाही. बायकोनं न विचारता कुणालाही घरी पाठवावं आणि नवऱ्यानं का म्हणून विचारू नये, असा भरवसा आपल्या घरात आहे का? मी माझ्यापुरतं सांगतो, माझ्या घरात तो बरेच वर्ष नव्हता.

शेवटची वर्षं

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या सभेत लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला हा पैसेवाला कंत्राटदार शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेला होता, आणि खरा हिंदुस्थान असा आहे, हे त्यानं राजघराण्याच्या पाहुण्याला भर पंगतीत ऐकवलं.

त्याच वर्षी जुलैत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. धंदा थांबला. शिल्लक फार नव्हती, कारण ठेवलीच नव्हती. उजवा हात चालेना तर डाव्या हातानं लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुरं केलं. ते छापून आलं १८९१ साली, त्यांच्या मागे. घरात तंगी होती. मामा परमानंद यांनी १८९० साली सयाजीराव गायकवाड महाराजांना पत्र लिहून या जोडप्यासाठी मदत मागितली. पूल बांधणारा, धरणाला दगड पुरवणारा माणूस शेवटी असा रिकाम्या हातानं झाला. आपले काही लोक म्हणतील, काय मिळालं? मी म्हणतो, कमावलं ते वाटलं, म्हणून आज आपण शिकलो.

१८८७ सालीच त्यांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. त्यात सावित्रीबाईंच्या हाती त्यांनी कारभार ठेवला. यशवंत नीट वागला नाही तर त्याला बाजूला करून दुसऱ्या लायक मुलाला वारस नेमण्याचा अधिकारही त्यांना दिला. बाईच्या नावावर भांडंसुद्धा नसायचं त्या काळात, नवऱ्यानं कायदेशीर कागदावर बायकोच्या हाती हे अधिकार दिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले, दत्तक यशवंताचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढं झाल्या, टिटवं हाती घेतलं, आणि त्यांनीच अग्नी दिला. मागे त्यांनी समाजाचं काम चालू ठेवलं. १८९३ साली सासवडला सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंताला बोलावून घेऊन सावित्रीबाईंनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक प्लेग झालेला पोरगा त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला. पोरगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हेही त्याच प्लेगात, महिनाभर आधी, गेले. लोखंडे म्हणजे ज्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ज्यांच्या लढ्यामुळं १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आम्ही रविवारी घरी बसून लेकरांशी खेळलो ती या सत्यशोधकाची देणगी.

आपल्याशी नातं

जोतीराव बौद्ध नव्हते. पण बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले असे आपले तीन गुरू सांगितले. शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांनी १९४६ साली जोतीरावांच्या स्मृतीला अर्पण केला. हे पाणी वऱ्हाडातही आलं. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद झाली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि त्या लढ्यात सत्यशोधक विचाराचे पंजाबराव देशमुख होते.

आपण विहारात सिगाल सुत्त ऐकतो. भगवंतांनी गृहस्थाला सांगितलं, की कमाईचे चार भाग कर. एक भाग खाण्यापिण्याला, दोन भाग धंद्याला, चौथा अडीअडचणीला. पत्नीविषयीही सांगितलं, की तिचा मान राखावा, अपमान करू नये, एकनिष्ठ राहावं, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्र-अलंकार द्यावे. श्रावस्तीचा अनाथपिंडिक जेतवनाच्या जमिनीवर नाणी अंथरणारा श्रेष्ठी, हे आपल्याला माहीत आहे. मला जोतीराव त्याच पंगतीतले वाटतात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आमची गिरणी बंद पडली तेव्हा हिशेबाचे जे काही पैसे मिळाले त्यातून मी दोन खोल्या बांधल्या. घर चाललं मात्र बायकोच्या शिलाई मशीनवर. मी नेता म्हणून फिरत होतो. एका ११ एप्रिलला स्टेजवरून मी सावित्रीमाईंवर तासभर बोललो, टाळ्या पडल्या. रात्री जेवताना बायकोनं साधंच विचारलं, की घराच्या टॅक्स पावतीवर माझं नाव कुठं आहे? मी काही बोललो नाही. घास घशाखाली उतरेना. वर्षानुवर्षं फुल्यांचं नाव घेणाऱ्या माणसाकडं त्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आठ दिवस मी टाळाटाळ केली, हेही कबूल करतो. मग अर्ज केला, चकरा मारल्या, आणि आज पावतीवर दोघांची नावं आहेत. फार मोठं काही केलं नाही. जोतीरावांनी १८८७ साली केलं ते मी शंभर-सव्वाशे वर्षं उशिरा केलं.

दुसरं, आपल्या वस्तीत आता काही पोरं कंत्राटदार झाली, कुणी दुकान टाकलं, कुणी गाड्या घेतल्या. आनंद आहे. विहाराला त्यांनी सढळ हातानं दिलंही. पण दानाच्या फरशीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून दोन बैठका मोडल्या, हे बरं झालं नाही. जोतीरावांनी हौद खुला केला तो नावाच्या फरशीसाठी नाही. विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढायचं बरेच दिवसांपासून घाटत आहे. टेबलं, दिवे, पुस्तकं लागतील. ज्यांना देता येईल त्यांनी द्यावं, आणि फरशीशिवाय द्यावं. रात्री तिथं मुलींना बसता यावं म्हणून दार उघडायची पाळी आम्ही म्हातारे घेतो.

एवढंच सांगायचं होतं. चुकलंमाकलं असेल तर लहान-थोरांनी सांभाळून घ्यावं.

जय जोती! जय भीम! नमो बुद्धाय!